गायकवृंदांनी उपासनाकाळ पाहून गीते निवडावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की आपल्या दैनिकाच्या शहर-पानावर नाताळगीतांच्या कार्यक्रमांची वृत्ते आणि छायाचित्रे येऊ लागतात. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील (म्हणजे चर्चमधील) गायकवृंदांची एरवी वर्षभर कोणी दखल घेत नाही, त्यामुळे या प्रसिद्धीचे मोल आम्ही गाणारी माणसे चांगलेच जाणतो. परंतु ती वृत्ते ओळीने वाचली की एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ख्रिस्तजन्माची गीते सर्वत्र सुरू होतात, पंचवीस तारखेला ती टिपेला पोहोचतात आणि सव्वीस तारखेच्या सकाळी एकदम थांबतात. म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या वर्षात ज्या दिवसांसाठी ती रचली गेली, नेमक्या त्याच दिवसांत ती ऐकू येत नाहीत. हा प्रश्न एकट्या नाताळाचा नाही. वर्षभराच्या उपासनेत कोणत्या रविवारी काय गावे, ते कोणी ठरवावे आणि कशाच्या आधारे ठरवावे, याचा विचार आमच्या बहुतेक गायकवृंदांत होत नाही. जे तयार आहे, जे मंडळीला आवडते आणि जे पेटीवाल्याच्या हाताला बसलेले आहे, तेच गायिले जाते.

माझे म्हणणे असे आहे, की गीताची पहिली निवड गायकवृंदाने करायचीच नसते. ती त्या दिवसाच्या उपासनाकाळाने आणि त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या शास्त्रपाठांनी आधीच केलेली असते; गायकवृंदाचे काम त्या चौकटीत योग्य शब्द, योग्य चाल आणि आपल्या आवाजांना पेलणारी पट्टी शोधणे एवढेच आहे. मराठी वाचकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. काकड आरती दुपारी कोणी म्हणत नाही, आणि तशी ती म्हटली तर गाणाऱ्याचा आवाज कितीही गोड असला तरी ऐकणारा अस्वस्थच होईल.

ज्यांना या वर्षाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार असतो आणि तेथून नवे वर्ष धरतात. आगमनकाळाचे चार रविवार संपले की नाताळ, मग ६ जानेवारीचा, ख्रिस्त जगाला प्रकट झाल्याचा, प्रकटीकरणाचा सण, पुढे राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ (रविवार त्यात मोजीत नाहीत), झावळ्यांच्या रविवारापासून पवित्र आठवडा, त्यानंतर ईस्टरपासून पुनरुत्थानाचा पन्नास दिवसांचा काळ, आणि पेंटेकॉस्टपासून (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापासून) पुन्हा आगमनकाळापर्यंतचा मोठा सामान्य काळ. ईस्टर २२ मार्च आणि २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे दरवर्षी पुढेमागे सरकते. कॅथलिक धर्मग्रामांत आणि अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत हे पंचांग मुरलेले आहे. आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) भागाची गोष्ट वेगळी आहे. येथील जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केल्या. या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, आणि ते न्यू इंग्लंडच्या ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून आले तिच्यात त्या काळी नाताळचा सणदेखील सर्रास पाळला जात नसे, मग आगमनकाळ आणि उपवासकाळ तर दूरच राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल या दोन्ही वळणांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या, परंतु गाण्याच्या सवयी ठरावाने बदलत नाहीत. आजही एकाच धर्मप्रांतातील दोन मंडळ्यांत एकाच रविवारी अगदी भिन्न काळाची गीते ऐकू येतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

आता आगमनकाळाकडे वळतो, कारण सर्वांत मोठा गोंधळ तेथे आहे. हा काळ वाट पाहण्याचा आहे. या चार रविवारी यशया संदेष्ट्याची वचने वाचली जातात, बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात उभा राहून पश्चात्ताप करा म्हणून सांगतो, आणि चौथ्या रविवारी मरीयेची कथा येते. गव्हाणीतले बाळ अजून यायचे आहे. असे पाठ वाचून झाल्यावर गायकवृंद उठतो आणि बाळ जन्मल्याचा जयघोष करतो, तेव्हा वाचन आणि गायन यांची फारकत होते आणि धर्मगुरूंना उपदेशात ती सांधत बसावे लागते. शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये नाताळच्या सुट्टीआधी कार्यक्रम उरकतात, त्यामुळे तेथे १५ किंवा २० डिसेंबरला नाताळगीते गावी लागतात, हे मला मान्य आहे. घरोघरी फिरून गाण्याची आमची चाल आहे, ती तर बंद पडू नये असेच मी म्हणेन. माझा आग्रह रविवारच्या उपासनेपुरता आहे. तेथे आगमनकाळाचे चारही रविवार आगमनाची गीते गावीत.

अशी गीते आहेत कोठे, असे विचारले जाते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दोन आहेत: मरीयेचे स्तुतिगीत आणि जखऱ्याचे गीत. ही दोन्ही ओवीत किंवा अभंगात सहज बसतात आणि एका रविवारी एक, असे नुसते आलटून पालटून म्हटले तरी अर्धा काळ सार्थकी लागतो. बायबलातील स्तोत्रसंहितेतील २४, २५, ८० आणि ८५ ही स्तोत्रे याच काळाची आहेत. पाश्चात्त्य परंपरेत १७ ते २३ डिसेंबर या सात सायंकाळी मरीयेच्या गीतापूर्वी म्हणायची, प्रत्येकी एका नावाने ख्रिस्ताला हाक मारणारी सात छोटी ध्रुपदे आहेत. 'ये, ये, इम्मानुएल' या अर्थाने जगभर गायिले जाणारे प्रसिद्ध गीत त्यांवरच बेतलेले आहे आणि त्याची गंभीर चाल मराठी कानाला मुळीच परकी वाटत नाही. दुसरे एक उदाहरण तर मजेदार आहे. 'जॉय टू द वर्ल्ड' हे गीत आपण नाताळचे म्हणूनच ओळखतो, पण आयझॅक वॉट्स या इंग्रज गीतकाराने ते १७१९ साली ९८व्या स्तोत्राच्या आधारे रचले, तेव्हा त्यात ना गव्हाणी होती ना मेंढपाळ. त्यात राजा येतो, पृथ्वीने त्याला स्वीकारावे, एवढेच आहे. ज्या मंडळीला नाताळाआधी गाजणारे काहीतरी हवेच असते, तिने हे गीत आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी निःशंकपणे गावे.

आगमनकाळात थोडे थांबण्याची शिस्त किती जुनी आहे, हे जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या लाइपझिग शहरावरून कळते. १७२३ साली तो तेथे रुजू झाला आणि जवळजवळ प्रत्येक रविवारसाठी त्या दिवसाच्या शुभवर्तमानावर आधारलेली कँटाटा (गायक आणि वाद्यवृंद यांसाठीची रचना) सादर करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यांतील सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत. पण आगमनकाळाचा पहिला रविवार झाला की नाताळपर्यंत वाद्यवृंदासह होणारे मोठे गायन बंद राही, आणि उपवासकाळातही जवळजवळ सर्व रविवारी ते बंद असे. या विश्रांतीचा उपयोग त्याने काय केला असेल ते त्याच्या नाताळच्या आणि उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) रचनांवरून दिसते. १७२४ च्या उत्तम शुक्रवारी योहानाच्या शुभवर्तमानावरील त्याचे दुःखसहनाचे गायन पहिल्यांदा झाले, तेव्हा लोकांच्या कानांनी कित्येक आठवडे असे भरगच्च संगीत ऐकलेले नव्हते. आणि १७३४ चा नाताळ पाहा: नाताळच्या ओरॅटोरिओचे (धार्मिक कथेवरील मोठ्या गायनरचनेचे) सहा भाग त्याने एका संध्याकाळी सादर केले नाहीत, २५, २६ आणि २७ डिसेंबर, नववर्षाचा दिवस, त्यानंतरचा रविवार आणि ६ जानेवारी अशा सहा दिवशी ते गायिले गेले. आज आपण हे सहा भाग एका बैठकीत ऐकतो, ती सोय सभागृहाची आहे, उपासनेची नव्हे.

माझी सूचना त्यामुळे साधी आहे. डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतील उपासनेत वाचवलेली नाताळगीते २५ तारखेपासून ६ जानेवारीपर्यंत मुबलक गावीत. नाताळनंतरच्या रविवारी निम्मा गायकवृंद गावी गेलेला असतो हे खरे, पण त्या रविवारला चार आवाजांची गरजच नसते. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावच्या छोट्या देवळात 'शांत रात्र' पहिल्यांदा गायिली गेली ती गिटारच्या साथीवर, दोन माणसांच्या आवाजांत, गायकवृंदाने शेवटच्या ओळी उचलून धरल्या एवढेच. ज्या गायकवृंदात सात बायका आणि एक पेटीवाला आहे, त्याने या गीताचा इतिहास लक्षात ठेवावा.

प्रकटीकरणाच्या काळाविषयी फारसे लिहिण्याची आवश्यकता नाही. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची गीते थोडी आहेत, ती बहुतेकांना येतात, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी पाण्याविषयीचे एखादे स्तोत्र घेतले की काम भागते.

उपवासकाळाचे तसे नाही. कॅथलिक उपासनेत येथे लेखी नियम आहेत आणि ते माझ्यासारख्या प्रॉटेस्टंट माणसालाही पटतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीपर्यंत आलेलुया (देवाच्या स्तुतीचा जयघोष) म्हणायचा नाही. रविवारचे गौरवगीत गाळायचे. वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची, चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे वगळून. आमच्या मंडळ्यांवर असा नियम नाही, म्हणून कीबोर्डातील तयार ठेका आणि ऑक्टोपॅड बाराही महिने चालू राहतात, आणि ५१वे स्तोत्रसुद्धा लग्नाच्या वरातीला शोभेल अशा लयीत गायिले जाते. एका उपवासकाळापुरता हा तालयंत्राचा संच झाकून ठेवावा, पेटी, टाळ आणि फार तर एक तबला एवढ्यावर भागवावे, असे मी सुचवितो. ज्यांच्याकडे मोबाइलवरचा तयार ट्रॅक लावून त्यावर गाण्याची सवय पडली आहे त्यांना हे जड जाईल, कारण ट्रॅकच्या आधाराशिवाय गाण्यासाठी सूर आपल्याच गळ्यात असावा लागतो.

या काळासाठी मराठीइतकी संपन्न भाषा क्वचितच असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली त्यांचे निधन झाले; या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार मराठी मंडळीच्या उपासनेत असे रुजविले की आज ते बाहेरून आणलेले होते हे कोणाला आठवतही नाही. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर गीते रचून वाट तयार केली होतीच. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहात टिळकांचा वाटा फार मोठा आहे. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतून त्यांची ओळख सर्वांना असते. पण शरणागतीचे आणि आत्मपरीक्षणाचे त्यांचे अभंग मंडळीबाहेर फार कोणाला ठाऊक नाहीत. उपवासकाळाचे पाच रविवार या अभंगांना द्यावेत. ते एकसुरात गावेत. मी येथे मुद्दाम एकसुरात म्हणतो, कारण अभंगाला आल्टो, टेनर आणि बास असे तीन आवाज जोडण्याची हौस हल्ली वाढली आहे. जोगिया किंवा भैरवीच्या अंगाने जाणाऱ्या चालीत कोमल रिषभाखाली बासचा स्वर कोणता धरावा हे ठरविताना चालीचाच जीव जातो. चौसुरी गायनाला माझा विरोध नाही. ज्या चाली त्यासाठी रचल्या गेल्या, त्या तशाच गाव्यात आणि त्यांवर मेहनत घ्यावी. दोहोंची सरमिसळ करून दोन्ही बिघडवू नयेत.

येथे गोव्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. पोर्तुगीज काळात तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्र मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत, आणि याच मेस्त्रांनी उपवासकाळातील मिरवणुकींसाठी लॅटिन आणि पुढे कोकणी शब्दांवर मोटेट (अनेक आवाजांची धर्मगीते) रचले. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बास यांच्या साथीवर ते आजही गायिले जातात. वर्षाच्या एका ठरावीक काळात ते म्हणायचे असा दंडक असल्यामुळे त्यांची धार बोथट झालेली नाही. मराठीच्या दृष्टीने तर याहून जुनी गोष्ट गोव्यातच घडली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत आणि त्या मनात वाचण्यासाठी नव्हे, देवळात मोठ्याने गाऊन म्हणण्यासाठी रचल्या होत्या. त्याच्या दुसऱ्या भागातील दुःखसहनाच्या ओव्या, भाषा थोडी जुनी असली तरी, पवित्र आठवड्यात पाच-दहाच्या गटाने म्हटल्या तर वसईपासून सोलापूरपर्यंतच्या कोणत्याही मराठी मंडळीला समजतील. ओवीची चाल कोणाला शिकवावी लागत नाही.

उत्तम शुक्रवारच्या उपासनेवर मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण गायकवृंदाच्या निवडीची खरी परीक्षा त्या दिवशी होते. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना असते. ही पद्धत सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतील लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली आणि तेथून ती जगभर पसरली. स्पेनमधील कादीझ येथील अशाच उपासनेसाठी हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराने १७८०च्या दशकात सात संथ वाद्यरचना केल्या, त्या प्रत्येक उद्गारावरील मननानंतर वाजवायच्या होत्या. म्हणजे उद्गार, मनन आणि मग संगीत हा क्रम जुनाच आहे. आमच्याकडे मात्र सात वक्ते सात उद्गारांवर बोलतात आणि मधल्या सात जागी गायकवृंद सात रडवी गीते म्हणतो, जी एकमेकांच्या जागी ठेवली तरी काही फरक पडू नये अशी असतात. हे बरोबर नाही, कारण सात उद्गार सात प्रकारचे आहेत.

पहिला क्षमेचा उद्गार आहे. तेथे संपूर्ण मंडळीने उभे राहून म्हणायचे परिचित गीत हवे. दुसऱ्यात अपराध्याला सुखलोकाचे वचन मिळते, आणि त्या ठिकाणी एका आवाजाने विनवणी करावी व इतरांनी उत्तर द्यावे ही रचना शब्दांना शोभते. तिसऱ्यात आई आणि शिष्य आहेत. चौथा उद्गार हा मुळात २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, तेव्हा दुसरे गीत शोधण्याचे कारणच नाही. ते स्तोत्रच वाद्याविना, एका पुरुषाच्या आवाजात, सावकाश म्हणावे आणि ते संपल्यावर काही वेळ काहीच गाऊ नये. काही न गाणे हीदेखील निवड आहे आणि गायकवृंदाला ती सर्वांत अवघड वाटते. पाचवा तहानेचा उद्गार लहान आहे, त्याला दोन कडव्यांहून मोठे गीत नको. सहाव्या उद्गाराविषयी माझा विशेष आग्रह आहे. 'पूर्ण झाले आहे' हे हरलेल्या माणसाचे बोलणे नाही, हाती घेतलेले काम तडीस नेल्याची ती घोषणा आहे; तेथे सूर खाली जाता कामा नये, लय ढिली पडता कामा नये. ज्या गायकवृंदाला चौसुरी गायन येते त्याने आपले सगळे बळ या एका जागेसाठी राखून ठेवावे. सातवा उद्गार ३१व्या स्तोत्रातील पाचव्या ओवीचा आहे, आणि पुन्हा तेच स्तोत्र हाताशी आहे.

एक व्यावहारिक गोष्टही येथेच सांगतो. त्या दिवशी बहुतेकांचा उपवास असतो, चैत्राचे ऊन असते, आणि तीन तास बसून घसे सुकलेले असतात. सरावाच्या वेळी काळी दोनमध्ये सहज जाणारे गीत त्या दुपारी मंडळीला झेपत नाही. एक पट्टी खाली उतरवून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

ईस्टरला आमचा सगळा उत्साह एका पहाटेत संपतो. अनेक मंडळ्यांत त्या दिवशी उजाडण्यापूर्वी प्रभातफेरी निघते, आणि भूपाळीच्या चालीवरील पुनरुत्थानाची गीते त्या वेळी जशी शोभतात तशी नंतर कधीच शोभत नाहीत. पण दुसऱ्या रविवारी जाऊन पाहावे, तर गायकवृंद थकलेला आणि गीते नेहमीची. उपवासाचे चाळीस दिवस आपण मोजून पाळतो, आणि आनंदाचे पन्नास दिवस मात्र एका दिवसात आटोपतो. या पन्नास दिवसांत प्रत्येक रविवारी निदान एक पुनरुत्थानाचे गीत असावे, ११८वे स्तोत्र एकदा तरी यावे आणि आलेलुया मनसोक्त म्हणावा. हँडेल या संगीतकाराचा सुप्रसिद्ध 'हालेलुया' समूहगानही मी याच काळात गाईन. त्याचे 'मसीहा' हे ओरॅटोरिओ १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये, ईस्टरच्या तोंडावर, प्रथम सादर झाले; आणि हा हालेलुया नाताळच्या पहिल्या भागात नसून दुसऱ्या भागाच्या शेवटी, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण झाल्यावर येतो. त्याचे शब्द प्रकटीकरणाच्या पुस्तकातील आहेत. मुंबई-पुण्याच्या डिसेंबरातील कार्यक्रमांत तो हमखास असतो आणि लोक उभे राहून ऐकतात, ते ऐकायला मलाही आवडते. परंतु ज्या मंडळीला तो वर्षातून एकदाच बसविता येतो, तिने तो स्वर्गारोहणाच्या रविवारसाठी ठेवावा.

पेंटेकॉस्ट आमच्याकडे नेहमीच दुबळा जातो, कारण तो मे महिन्यात किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. शाळांना सुट्टी, मुले आजोळी, लग्नसराई जोरात. मंडळीच्या स्थापनेचा हा दिवस आहे, तेव्हा गायकवृंद अपुरा असेल तर सगळ्या मंडळीलाच गायकवृंद समजावे आणि १०४थे स्तोत्र प्रतिसादाने म्हणावे.

त्यानंतरचा सामान्य काळ जवळजवळ सहा महिने चालतो. युरोपात रचलेली गीतपुस्तके येथे आपल्याला फारसे साहाय्य करीत नाहीत. त्यांतील सुगीची गीते तेथील शरदाची आहेत आणि नाताळची कित्येक गीते बर्फाने भरलेली आहेत. नगर-सोलापूरकडे नाताळात शाळू उभा असतो आणि पाऊस जूनमध्ये येतो. आपला पाऊस संपूर्णपणे सामान्य काळात पडतो, आणि त्या काळातील गीतनिवडीत त्याचा मागमूस नसावा हे मला विचित्र वाटते. ६५वे स्तोत्र पावसाचे आहे, त्यात नांगराचे तास पाण्याने भिजून ढेकळे विरघळतात. पेरणीनंतरच्या रविवारी ते गावे, आणि पावसाने ओढ दिली असेल तर त्या रविवारी विनवणीचे गीत गावे. मुंबई आणि वसईकडच्या ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण असतो. घाटावर सुगीची उपकारस्तुती प्रत्येक मंडळी आपल्या पिकाच्या वेळेनुसार करते, आणि ते योग्यच आहे.

काही जण म्हणतील की या जुन्या गीतांना तरुण मुले येत नाहीत, त्यांना हिंदी आणि इंग्रजी भक्तिगीते हवी असतात. तरुणांना गाळून गायकवृंद चालणार नाही हे उघड आहे, आणि नव्या गीतांत चांगली गीते नाहीत असेही नाही. पण नवे गीत निवडतानाही तोच प्रश्न विचारावा: आजच्या वाचनाशी याचा संबंध काय? पुष्कळशा नव्या गीतांत 'मी तुझी स्तुती करतो' याखेरीज काही नसते. ती वर्षाच्या कोणत्याही रविवारी चालतात, आणि म्हणूनच कोणत्याही एका रविवारची होत नाहीत. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसविताना आणखी एक दक्षता हवी. इंग्रजी चालीचा जोर ज्या अक्षरावर पडतो तेथे मराठीत लघू अक्षर आले तर शब्द ताणला जातो आणि गाणारा नकळत ऱ्हस्वाचे दीर्घ करतो. मिशनरींच्या काळातील भाषांतरांत असे पुष्कळ आहे. ती गीते आम्ही प्रेमाने गातो, पण नव्याने तीच चूक करण्याचे प्रयोजन नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला (जुन्या लॅटिन एकसुरी गायनाला) मानाचे स्थान दिले आणि त्याच प्रकरणात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे त्या परंपरेला योग्य स्थान द्यावे, असेही स्पष्ट म्हटले. टिळकांनी हे काम त्याआधी अर्धशतक करून ठेवले होते.

हे सगळे घडायचे तर पाळक आणि गायकवृंद यांच्यात बोलणे व्हायला हवे. कित्येक ठिकाणी शनिवारी रात्री पेटीवाल्याला निरोप जातो, आणि उद्याचा पाठ कोणता हे त्याला रविवारी सकाळी कळते. शुभवर्तमानांचे तीन वर्षांचे वाचनचक्र ठरलेले असते: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून. त्यामुळे तीन महिन्यांचे पाठ आगाऊ देणे कोणत्याही पाळकाला अवघड नाही. गायकवृंदाने एक वही ठेवावी, तिच्यात तारीख, काळ, पाठ, गायिलेली गीते आणि पट्टी एवढे लिहावे. ही वही तीन वर्षे भरली की तेच वाचन पुन्हा येईल तेव्हा अर्धी निवड झालेली असेल, आणि कोणते गीत दर महिन्याला गायिले गेले व कोणते एकदाही नाही, तेही डोळ्यांसमोर येईल. दरवर्षी नवे गीत हवेच असेही नाही. तेच गीत त्याच काळात दरवर्षी आले तर मुलांच्या तोंडी बसते. आगमनकाळात दोन नवी आणि उपवासकाळात एक, एवढी भर लहान मंडळीला पुष्कळ झाली.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. नाताळच्या वृत्तांबरोबर आपल्या प्रतिनिधींनी पवित्र आठवड्यातही एखाद्या मराठी मंडळीत यावे. उत्तम शुक्रवारची उपासना बहुतेक ठिकाणी भर दुपारी बाराला सुरू होते, ती सर्वांना खुली असते, आणि ईस्टरची प्रभातफेरी पहाटे निघते. आपल्या छायाचित्रकारास त्या दिवशी लवकर उठावे लागेल एवढेच. तसेच आगमनकाळ सुरू होण्याच्या आदल्या शनिवारी आपल्या पुरवणीत एखादा स्तंभ मराठी आगमनगीतांना देता आला, तर गावोगावच्या गायकवृंदांना सरावासाठी तो वेळेवर मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
मराठी मंडळीतील एका गायकवृंदाचा संचालक,
अहिल्यानगर